आयोडीनचं घर

सोमवार, ६ जानेवारी १९७५

विमा एजंटाने ही डायरी दिली. पॉलिसी मी घेतली नाही, तरी देऊन गेला. लाजलज्जा नसलेली जमात. पण पानं जाड आहेत, शाई फुटत नाही, म्हणून ठेवून घेतली. शाळेत दिवसभर जे गिळावं लागतं ते कुठेतरी ओकायला हवंच.

आजचंच घ्या. मधल्या सुट्टीत संस्थेचे अध्यक्ष गुरुबसप्पा अण्णा शिक्षकांच्या खोलीत आले. मागे हेडमास्तर, नव्या सुनेसारखे मान खाली घालून. अण्णा म्हणाले, वीस फेब्रुवारीला कोल्हापूरहून समिती येतेय. त्यांना शाळा पसंत पडली तर जूनपासून आपल्याकडे नवी अकरावी, तीही विज्ञान शाखेची. "विरुपाक्ष मास्तर, प्रयोगशाळा तुमची. बोला, काय पाहिजे?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी यादीच दिली. दोन तराजू, गॅसची जोडणी आणि बेसिनला खालून पाइप. आमच्या बेसिनचं पाणी बादलीत पडतं आणि ती बादली आमचा परिचर हरिदास दिवसातून चार वेळा मागे नेऊन ओततो. अण्णांनी यादी न वाचता खिशात घातली. "ते होईल हो हळूहळू. आधी डोळ्यांत भरेल असं काहीतरी पाहिजे की! ते तुमचं मूलद्रव्यांचं कोष्टक असतंय बघा, चौकड्या-चौकड्यांचं, ते आपण चादरीत विणू. आठ फूट. भिंतीवर टांगू. सोलापूरची शाळा म्हटल्यावर तेवढं नको व्हय?"

हेडमास्तरांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. आवर्तसारणी म्हणजे विश्वाचा सगळा पसारा माणसाने एका कागदावर लावून दाखवला, आणि आमच्याकडे त्याची चादर होणार. अंगावर घ्यायची की खाली अंथरायची, एवढं विचारायचं राहिलं.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत गेलो तर तिथे दुसरा तमाशा. हरिदासने मला न विचारता कपाट उलथंपालथं केलेलं. रॉकेलमधलं सोडियम आणि पोटॅशियम एका खणात. क्लोरिनचं पाणी, ब्रोमिन, आयोडीन, ही नाकाला झोंबणारी मंडळी दुसऱ्या खणात. आमच्या रजिस्टरात बाटल्या अक्षरांच्या क्रमाने आहेत. मी विचारलं, "हे काय नाटक?"

"सर, एकासारख्या वागनाऱ्या एका जागी लावल्या. हाताला सापडत्यात, आन् धुताना कुनाला काय सोसतंय तेबी कळतंय."

"वागणं बघायचं काम तुझं नाही. रजिस्टरप्रमाणे लाव." लावलं बिचाऱ्याने, तासभर खपून.

तसा माणूस वाईट नाही. मॅट्रिक पास आहे, नऊ वर्षं हंगामी म्हणून राबतोय. विज्ञान शाखा आली की प्रयोगशाळा सहाय्यकाची एक कायम जागा येईल, आणि ती हरिदासची, हे हेडमास्तरांनी माझ्यासमोर कबूल केलंय. फक्त माझी शिफारस लागेल. ती मी देणार. दिलेला शब्द पाळणारा एक तरी माणूस या शाळेत असायला हवा.

संध्याकाळी हरिदास मूलद्रव्यांचा जुना तक्ता गुंडाळून घरी पोचवून गेला. दाक्षायणीने त्याला चहा दिला. त्याचा कप मागच्या दाराच्या कोनाड्यात असतो, कान तुटलेला. तो स्वतःच विसळून ठेवतो. आमच्या गल्लीत त्याच्या लोकांना चहा देणारं दुसरं घर नाही. आम्ही असलं काही मानत नाही.


गुरुवार, ९ जानेवारी

तक्ता घेऊन अक्कलकोट रोडला अण्णांच्या चादरीच्या कारखान्यात गेलो. हरिदास सायकलवर मागे. आत मागांचा खडखडाट, हवेत सुताची कुसं, आणि भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. तोंडावर रुमाल धरूनच बोलावं लागलं.

चादरीची नक्षी काढतो तो अंबय्या. सत्तरीला आलेला, जाड भिंगाचा चष्मा. समोर चौकटीचा कागद पसरून एकेक घर रंगवत बसलेला असतो. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या पट्ट्या मागावर चढल्या की नक्षी आपोआप उमटते, असं त्याने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी त्याला थोडक्यात समजावलं. सगळ्यांत हलकं मूलद्रव्य पहिल्या घरात, मग वजनाने चढत चढत एका रांगेत. काही घरं गेली की पहिल्यासारखाच वागणारा गडी पुन्हा येतो. तो आला की रांग तोडायची आणि त्याला त्याच्यासारख्याच्या खाली बसवायचं. म्हणजे आडवं वाचलं तर वजन वाढत जातं आणि उभं वाचलं तर एकेक घराणं सापडतं.

म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "म्हणजे रिपीट म्हणा की मास्तर! नक्षी संपली, परत पयल्यापासून चालू."

चक्क कळलं होतं त्याला. मला बरंच वाटलं असतं, पण लगेच हुज्जत घालायला लागला. पहिला रिपीट दोन घरांचा, मग आठ, परत आठ, मग एकदम अठरा, असं कसं? "असला रिपीट मी कुणाला दिला तर हात तोडतील माझा." मग वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. हायड्रोजन एका टोकाला, हेलियम दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सगळा माळ. "हे भोक कशाला? चादरीत भोक म्हणजे माल परत. मी सगळी घरं वर सरकवतो, म्हणजे पोट भरून येईल."

"अहो, सरकवलं की उभी घराणी मोडली! वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं आहेत, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? जागा मोकळी ठेवणं हीच तर यातली अक्कल आहे. ज्या रशियन माणसाने हे लावलं त्याने मध्ये चक्क रिकामी घरं सोडली होती. म्हणाला, इथला माणूस अजून सापडलेला नाही, पण येईल. आणि आले! तो म्हणाला होता तसेच वागणारे आले."

अंबय्या शेवटी कुरकुरत कबूल झाला. खालच्या दोन सुट्या ओळी मात्र त्याला फार आवडल्या. "हा काठ," म्हणाला. एवढं ज्ञान सांगून शेवटी काठ.

घरी येऊन दाक्षायणीला सांगितलं तर हसत सुटली. "म्हणजे वजन बघून नव्हे, वागणं बघून जागा देतात होय तुमच्या शास्त्रात? बरंय बाई. माणसांत असं असतं तर तुम्हाला कुठं बसवायचं?"

काहीही बोलते.


मंगळवार, १४ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. सगळं गाव नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे. धूळ, भोंगे, तळलेल्या भज्यांचा वास. दाक्षायणी शेजारणीबरोबर गेली, मी वह्या तपासल्या. एका दिवट्याने लिहिलंय, 'सोडियम पाण्यात टाकले असता ते आनंदाने पळते.' शून्य दिलं.


शुक्रवार, २४ जानेवारी

अंबय्याचा कागद तयार झाला म्हणून निरोप आला. सही करायला गेलो. हरिदास बरोबर होता.

काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक घरात खूण आणि खाली वजनाचा आकडा. काठात आकड्यांना जागा नव्हती म्हणून तिथे नुसत्या खुणा. मी सही करणार एवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांबा की मास्तर. तुमच्या तक्त्यात चूक हाय. वजन चढत जातं म्हणालात ना? मी समदे आकडे ताडून बघितले. तीन ठिकाणी आकडा मागं येतोय."

कारखान्याचा मॅनेजर शेजारी उभा. दोन कारागीर मान वळवून बघायला लागले. मी म्हणालो, दोन ठिकाणं मला ठाऊक आहेत. अरगॉन आणि पोटॅशियम, कोबाल्ट आणि निकेल. ते अपवाद आहेत, कॉलेजात पाठ केले होते आम्ही.

"आन् हे तिसरं?" टेल्युरियम एकशे सत्तावीस पूर्णांक सहा, त्याच्या पुढे आयोडीन एकशे सव्वीस पूर्णांक नऊ. जड आधी, हलकं नंतर.

तिसरा अपवाद मला आठवेना. अजिबात आठवेना. आणि एक चादर विणणारा म्हातारा रसायनशास्त्रात माझी चूक काढतोय, मॅनेजर मिशीत हसतोय. मी म्हणालो, "छापखान्याचा घोळ आहे. करा अदलाबदल." अंबय्याने खोडरबर घेतला.

तेव्हा मागून हरिदास बोलला. "सर, आयोडीन क्लोरिनच्या घरातलं हाय की. ते गंधकाच्या उभ्या रांगेत कसं जाईल?"

भर माणसांत! माझ्या कानशिलात गरम झालं. "तुला कुणी विचारलं? बाटल्या धुवायला ठेवलंय तुला, तेवढं कर." मी सही ठोकली.

आता लिहितानाही राग जात नाहीये. जरा पायरी सोडली की ही माणसं डोक्यावर बसतात.


शनिवार, २५ जानेवारी

दहावीच्या वर्गावर फळ्यावर उभी रांग लिहीत होतो. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन. आणि खडू थांबला. ब्रोमिनच्या खाली मी काल टेल्युरियम बसवून आलोय.

छी! छी! छी! शाळेतल्या पोराला कळतं की क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडीन ही सख्खी भावंडं. तिघांचा वास नाकात जातो, तिघं सोडियमशी मीठ करतात. मी फक्त आडवे आकडे बघितले, उभं बघितलंच नाही.

नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक कव्हर घालून कपाटात पडलं होतं, ते आज पहिल्यांदा उघडलं. त्यात सरळ छापलंय. क्रम वजनाचा नाहीच मुळी, अणुअंकाचा आहे. टेल्युरियम बावन्न, आयोडीन त्रेपन्न. त्या रशियन माणसाला हा अंक माहीत नव्हता, तरी त्याने वजन झुगारून आयोडीनला त्याच्या भावंडांत बसवलं, नुसतं वागणं बघून. आणि सव्वीस वर्षं मी पोरांना वजन वजन करत बसलोय.

उद्या रविवार. सोमवारी अंबय्याला सांगावं लागेल.


सोमवार, २७ जानेवारी

गेलो नाही. सर्दी आहे.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

अंबय्याची सून रत्नम्मा पट्ट्यांना भोकं पाडतेय, निम्मं काम झालं, असा निरोप. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मॅनेजरसमोर, अण्णांसमोर, की माझं चुकलं आणि बाटल्या धुणाऱ्याचं बरोबर होतं? शंभरावर घरं आहेत. एका घराकडे कोण बघत बसणार? समितीतली माणसं काय, काजू खातील आणि जातील. अशा समित्या मी पुष्कळ बघितल्या.

हरिदासने बादली ओतून आल्यावर हळूच विचारलं, "सर, अजून वेळ हाय. तेवढं सांगून बघता का?"

मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "मी जाऊन सांगू का? म्हनतो, माझ्याकडनंच घोळ झाला. तुमचं नाव यायचं न्हाय."

याचा मला इतका राग आला की हातातला खडू मोडला. याच्या दयेवर जगायची वेळ आली का माझ्यावर? "काही गरज नाही," म्हणालो.


शनिवार, १५ फेब्रुवारी

चादर आली. आठ फूट, लाल, पांढरी, काळी. अण्णांनी खालच्या काठात संस्थेचं नाव घुसडलंय आणि चार कोपऱ्यांत चार मोर. वरची मोकळी जागा मात्र अंबय्याने तशीच ठेवली, शब्दाला जागला. सगळे वा वा करत होते. माझी नजर फिरून फिरून त्या एका घरावर जात होती. दातात कुसळ अडकावं तसं झालंय.

हरिदासने विचारलं, समिती येतेय तर "कपाट माझ्या पद्धतीनं लावू का सर, बरं दिसंल." मी म्हटलं, काय हवं ते कर.


गुरुवार, २० फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

समिती अकराला आली. तिघे. दोघे काजू खाणारेच निघाले. तिसरे रसायनाचे प्राध्यापक, बारीक चणीचे, गुडघ्यावर धूळ. चादरीसमोर उभे राहिले. अण्णा जवळ, हेडमास्तर जवळ, मी जवळ, आणि बेसिनपाशी हरिदास बादली घेऊन. प्राध्यापक आधी हसले, म्हणाले, अशी सारणी मी पहिल्यांदाच बघतोय, आणि मोकळ्या जागा सोडल्यात हे विशेष. मग चष्मा काढून पुढे झाले आणि बोट ठेवलं.

"आयोडीन गंधकाच्या उभ्या रांगेत कसं हो?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. माझं तोंड आपोआप उघडलं. "आमच्या परिचराने कागद कारखान्यात नेला होता. नकलताना त्याच्याकडून दोन घरांची अदलाबदल झाली. माझ्या लक्षात आलं तोवर विणून झालं होतं."

मी हरिदासकडे बघितलं नाही. बादलीची कडी वाजली, तेवढी ऐकू आली.

"हं," प्राध्यापक म्हणाले, आणि वळले तर समोर कपाट. ते उघडं होतं. एकेक खण बघत ते खाली वाकले. रॉकेलातली मंडळी वेगळी, चुन्याची भावंडं वेगळी, तांबं आणि चांदी एकत्र. झोंबणाऱ्यांच्या खणात क्लोरिन, ब्रोमिन, आयोडीन, ओळीने. मध्ये एक बाटली मावेल एवढी जागा मोकळी, त्यावर चिठ्ठी, 'फुटली, मागवली हाय.' त्यांचा चेहरा उजळला. "अहो, चादरीपेक्षा हे कपाट बरोबर आहे! यात खरी सारणी आहे. ज्याने हे लावलं त्याला विषय हातात आला आहे. कुणी लावलं हे?"

हरिदास बादली खाली ठेवत होता. मला ते दिसत होतं.

"मी," म्हणालो.

वर आणखी म्हणालो, "मुलांना उभी घराणी डोळ्यांनी दिसावीत म्हणून."

त्यांनी माझा हात हातात घेतला.


शनिवार, २२ फेब्रुवारी

हेडमास्तरांनी बोलावलं. अकरावी मिळाल्यातच जमा आहे. प्राध्यापकांनी कपाटाचा खास उल्लेख केलाय, म्हणून बाहेरचा माणूस न आणता नव्या वर्गावर मलाच घ्यायचं अण्णांनी ठरवलंय. पेढा दिला. मग म्हणाले, "हरिदासचं मात्र अवघड दिसतंय हो. साधा कागद नकलता येत नाही, आणि समितीपुढे शाळेची शोभा झाली. अण्णांनी जोतीरामचं नाव सुचवलंय." जोतीराम म्हणजे अण्णांच्या कारखान्यात गाठोडी बांधणारा. सातवी नापास. "शिफारस तुमचीच लागेल."

कागद टाइप करून तयार होता. माझ्यासमोर पेन ठेवलं.

मी सही केली. पेढा तोंडात होता.

घरी येऊन बेसिनवर भडभडून ओकलो. दाक्षायणी म्हणाली, पेढा शिळा असेल.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हरिदासचा शेवटचा दिवस. अण्णांनी त्याची हंगामी नेमणूकच थांबवली, उद्यापासून जोतीराम. चार वाजता किल्ल्या घेऊन आला. नऊ वर्षांत मी त्याच्या अंगावर किती वेळा ओरडलो असेन, एकदा तरी तो ओरडावा असं आज वाटत होतं. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

"सर, रजिस्टरप्रमानं लावलंय समदं. जोतीरामला सापडंल. सोडियमवर रॉकेल कमी झालंय, तेवढं घालायला सांगा, न्हायतर पेट घेईल." किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दारातून परत वळला. मला वाटलं, आता. पण म्हणाला, "बादली ओतून ठेवलीय."

गेल्यावर कपाट उघडलं. सगळ्या बाटल्या अक्षराच्या क्रमाने, माझ्या पहिल्या हुकुमाप्रमाणे. सोडियम, पोटॅशियम दोन टोकांना. आयोडीन एकटंच, कोपऱ्यात.

माझी मला घाण वाटतेय. अण्णांची नाही, हेडमास्तरांची नाही. दोन महिने या डायरीत मी सगळ्या गावावर थुंकलो. ते सगळं वाऱ्यावरून माझ्याच तोंडावर आलं.


रविवार, २ मार्च

दाक्षायणी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं. अंबय्याचा खोडरबर, प्राध्यापकांचा हात, पेढा, सही. तिचे हात सुरुवातीला चालू होते, मग थांबले.

मी समर्थन करायला लागलो. म्हणालो, नोकरी आहे, माझ्यापुढे अवघी तीन वर्षं उरलीत, अण्णांचा स्वभाव तुला माहीत आहे.

"साकु री," एवढंच म्हणाली. पुरे करा. ती रागावली की कानडीत जाते आणि मग दिवसभर मराठीत परतत नाही.


सोमवार, ३ मार्च

सकाळी चहासाठी नेहमीच्या जागी पाटावर बसलो. चहा आला नाही. हाक मारली तर मागच्या दाराकडून आवाज आला, "इकडे ठेवलाय."

मागे गेलो. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर कप होता. कान तुटलेला. कोनाड्यातला.

मला वाटलं, चुकून. तिच्याकडे बघितलं. ती दारात उभी होती, डोळे लाल. म्हणाली, "वजन बघून नव्हे, वागणं बघून जागा, असं तुम्हीच त्या म्हाताऱ्याला शिकवून आलात ना? मग ही तुमची जागा. हरिदास आले तर त्यांना आतल्या कपात देईन, आत बसवून. नऊ वर्षं मीही डोळे मिटून त्या कोनाड्यात हात घालत आलेय, माझं काय करायचं ते मी बघते. तुम्ही आधी चहा प्या."

आरडाओरडा करावा असं मनात आलं. पण कुणावर करणार? पायरीवर बसलो. कपाला कान नाही म्हणजे बोटं भाजतात, आणि भाजू नयेत म्हणून तो दोन्ही हातांनी ओंजळीसारखा धरावा लागतो. नऊ वर्षं तो माणूस असाच धरून प्यायला, आणि माझ्या हे कधी ध्यानातच आलं नाही. प्यालो. विसळला. कोनाड्यात ठेवला.

मग दोन पत्रं लिहिली, एक कोल्हापूरला प्राध्यापकांना, एक अण्णांना. दोन्हींत तेच. चादरीतली अदलाबदल माझ्या सहीने झाली. कपाट हरिदासने लावलं. जोतीरामसाठी दिलेली शिफारस मी मागे घेतो आणि हरिदासच्या नावाची करतो. सही केली. शाळेत गेलो नाही. पोस्टात दोन्ही पाकिटं पेटीत टाकली आणि टाकल्यावर आत हात घालून परत काढता येतील का, हेसुद्धा बघितलं. एवढा मी भेकड.

तिथून बुधवार पेठेत हरिदासच्या घरी. सायकल हातात धरून दोन गल्ल्यांत विचारत गेलो, कारण नऊ वर्षांत मला त्याचं घर माहीत नव्हतं. तो दारातच चप्पल शिवत बसला होता. मला बघून गडबडीने उठला आणि आतून खुर्ची आणली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पत्रं टाकली तेही.

त्याने शिवायची चप्पल बाजूला सरकवली. मग म्हणाला, "पत्रानं काय व्हतंय ते बघू. अण्णा हाय तवर मला तितं कोन घेतंय? आन् आता तुमालाबी त्रास करतील." पुढे म्हणाला, "तुमी माझं नाव घेतलं त्याचं न्हाय एवढं वाटलं सर. कपाट तुमी सोता लावलं म्हनालात, ते लई लागलं."

मी मान वर केली नाही. पायाखालची फरशी तेवढी दिसत होती.

आतून त्याची बायको मीनाबाई चहा घेऊन आली. नवी कोरी कपबशी, निळ्या फुलांची, फळीवर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली असावी. पदराने पुसून तिने ती माझ्या हातात दिली. तिला माहीत होतं मी कोण ते, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी दिली.

कपाला कान होता. मला तो उचलवेना. मी नुसता त्या कपाकडे बघत राहिलो.

"घ्या की सर," हरिदास म्हणाला. "गार व्हायला लागला."